बुडाची काजळी

बाई, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. चौथीला शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, आणि त्या यादीवरही तुम्ही लाल पेनाने खुणा करायचात. एकदा कोथिंबीर चुकीची लिहिली म्हणून तुम्ही ती मला दहा वेळा लिहायला लावलीत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला. मी मुकाट्याने लिहिली. मग तुमचं तुम्हालाच वाईट वाटलं आणि तुम्ही उठून माझ्यासाठी चहा केलात. इतका पाणचट चहा मी जन्मात प्यायले नव्हते. तेही बोलले नाही.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सचिन कामावर गेलाय, सून ऑफिसला, नातवंडं शाळेत. टूनगॅबीच्या या घरात दुपारी मी एकटीच असते. नातवाची अर्धी कोरी वही घेऊन बसले आहे. हे कुणाला दाखवायचं नाही.

तुमच्या अंत्यविधीला लोक खूप आले होते. तुमच्या पदव्या, तुमची पुस्तकं, चीनमध्ये तुम्ही केलेलं काम, सगळं वाचून दाखवलं. मी शेवटच्या रांगेत होते. आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. एवढ्या माणसांत मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि त्या भांड्याबद्दल तर कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथल्या कितीजणांना ते माहीत होतं, कोण जाणे. मला माहीत होतं आणि तुम्हाला.

सचिनने मला नातवंडं सांभाळायला इथे परदेशात आणलं. धाकटी शाळेत जायला लागली आणि माझे हात रिकामे झाले, तेव्हा कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. क्वेकर्स हिलला एक मराठी प्रोफेसर एकट्या राहतात, रिटायर झाल्यात, पोळी-भाजी आणि घरकामाला बाई हवी आहे. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "पुस्तकांना हात लावणार नाहीस ना?" मी म्हटलं, "मला कशाला हवीत?" तुम्ही म्हणालात, "उत्तम. ये सोमवारपासून."

ते भांडं घरी आलं तो दिवस मला चांगला आठवतो. एक म्हातारे गोरे गृहस्थ गाडीतून खोका घेऊन आले. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. तुम्ही त्यावर लिहावं म्हणून त्यांनी ते सहा महिन्यांसाठी तुमच्या हवाली केलं होतं. ते गेल्यावर तुम्ही खोक्यातला टॉवेल बाजूला केलात आणि मला हाक मारलीत.

"शालन, इकडे ये. तीन हजार वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर बघ."

पाच लिटरच्या कुकरएवढं पोट, खाली तीन पाय, वर काठावर दोन उभे कान. अंगभर हिरवं, जागोजागी माती बसलेली, बूड काळं. याला चिनी लोक डिंग म्हणतात, तुम्ही सांगितलंत. काशाचं असतं. त्यात मांस शिजवायचं, आधी पितरांना दाखवायचं, मग माणसांनी खायचं. राजाकडे अशी नऊ असायची, त्याच्या खालच्याकडे सात, त्याच्याही खालच्याकडे पाच.

"आमच्याकडे एकच कुकर आहे," मी म्हटलं. "आमची पायरी कुठली?"

"त्याची रिंग तरी नवी आहे का?"

"नाही."

"मग तुला दाराबाहेरच उभं करतील."

हसता हसता मी त्या पायावरून बोट फिरवलं आणि बोलून गेले, "बाई, हे उलटं धरून ओतलंय. पायातून धातूचा रस सोडलाय."

तुम्ही चष्मा काढलात. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? प्रत्येक पायावर ही बारीक रेघ आहे बघा, साच्याचे तीन तुकडे इथे भिडलेत. आणि पोटात या चौकोनी चकत्या दिसतात ना, त्या आतला मातीचा गाभा सरकू नये म्हणून. आमचे आबा घंटा ओतताना खिळे ठेवायचे. यांनी चकत्या ठेवल्यात."

मी ओताऱ्याची मुलगी आहे हे तोपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हतं. आबा देवळाच्या घंटा ओतायचे, समया, घुंगरं. तुम्ही खुर्ची ओढून मला बसवलंत आणि तासभर विचारत राहिलात. माती कुठली घ्यायचे, भट्टीला कोळसा कुठला, रस तयार झाला हे कशावरून ओळखायचे. "हे समजायला मला दोन वर्षं लागली होती," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "तुमच्या घरी भट्टी नव्हती ना." त्या दुपारी आपण पहिल्यांदा एका टेबलावर जेवलो. त्यानंतर नेहमीच. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं विचारलेलं नाही, बाई. लग्न ठरवतानासुद्धा नाही.

मग तुम्ही मला तुमचं भांडण सांगायला लागलात. मेलबर्नचे एक प्रोफेसर म्हणायचे की ही भांडी थडग्यात ठेवण्यासाठीच केलेली, नुसती मानाची, चुलीवर कधी चढलीच नाहीत. तुम्ही वीस वर्षं म्हणत होतात की चढली. त्यांत कुणीतरी खरंच रांधलं, कुणाचे तरी हात भाजले, आणि पुस्तकांत राजाचं नाव राहिलं, रांधणारीचं गेलं. "त्या माणसाने जन्मात चहासुद्धा केलेला नाही, त्याला चूल काय कळणार?" असं तुम्ही रागाने म्हणायचात. तुमचा चहा मी प्यायलेला होता, म्हणून गप्प बसायचे.

पण हे शेवटी ठरवायचं कशावरून, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वीची ती दिवाळी. मेधाताई डार्विनहून येणार होत्या. त्यांची हॉस्पिटलची ड्यूटी, दोन वर्षांनी रजा मिळाली होती. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालात आणि जाता जाता म्हणालात, "शालन, तांब्या-पितळेचं सगळं घासून ठेव गं. मेधा म्हणेल आई घाणीत राहते."

मी चिंच भिजवली. समई घासली, तांबे घासले, देवघरातलं सगळं घासलं. ते भांडं खिडकीजवळ ओट्यावर होतं. सकाळी उजेडात तुम्ही त्याचे फोटो काढले होते. मी त्याच्याकडे बघत राहिले. पितरांना नैवेद्य करायचं भांडं, आणि बुडाला काजळी तशीच. आमच्याकडे पितरांच्या स्वयंपाकाला असं भांडं कुणी घेऊ देणार नाही. तीन हजार वर्षांत याला कुणी बाईमाणूस भेटलं नाही का, असं माझ्या मनात आलं. दोन दिवसांवर दिवाळी. तुम्ही मला एकदा बजावलं होतं की कानाला धरून उचलू नकोस. म्हणून मी बुडाखाली हात घालून उचललं, तुम्ही सांगितलं होतं तसंच. घासू नकोस असं तुम्ही कधी म्हणाला नव्हता. भांडं घासू नको, असं कुणी कुणाला सांगतं का?

चिंच, मीठ आणि तारेची घासणी. हिरवं भराभर निघालं. सिंकमध्ये हिरवं पाणी, मग काळं पाणी. बुडाला मला दीड तास लागला. खांदा भरून आला. मी मनात म्हणत होते, बाई खूश होतील.

तुमच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, तुम्हाला नीट दिसत नव्हतं. दारातूनच विचारलंत, "हे काय चमकतंय?"

"ओळखा," मी म्हटलं. हसून म्हटलं, बाई. ते माझं हसणं मला अजून ऐकू येतं.

तुम्ही जवळ आलात, हात लावलात. मग भांडं उलटं करून बुडावर तळवा ठेवलात आणि तसाच ठेवून उभ्या राहिलात.

"पाणी कुठे टाकलंस?"

"सिंकमध्ये."

"बादली आण."

एकाहत्तर वर्षांच्या तुम्ही फरशीवर आडव्या झालात आणि सिंकखालचा नळाचा वाकडा तुकडा उघडायला लागलात. तो हलेना. मी पक्कड आणली. दोघींनी मिळून उघडला. बादलीत कांद्याची सालं पडली, थोडा भात, गढूळ पाणी. ते पाणी तुम्ही फडक्यातून गाळलंत आणि फडकं उजेडात धरलंत. काही नव्हतं. तेव्हा तुम्ही मला सांगितलंत की ती काजळी हाच तुमचा पुरावा होता. विकणारे अशी भांडी पुसूनच बाजारात आणतात. हात न लागलेलं बूड तुम्हाला वीस वर्षांत पहिल्यांदा मिळालं होतं. सोमवारी युनीतून, म्हणजे विद्यापीठातून, एक मुलगी नमुना घ्यायला येणार होती. ते सगळं फोनवर इंग्रजीत ठरलं होतं, मी शेजारी पोळ्या लाटत होते.

"तीन हजार वर्षं टिकलं ते," तुम्ही म्हणालात. "तुझ्या हाताखाली एक दुपार टिकलं नाही."

मी पाया पडायला वाकले. तुम्ही पाय मागे घेतलेत.

आणि मग म्हणालात, "यापुढे माझ्यासमोर या भांड्याचं नाव काढायचं नाही. कधीच."

त्या गृहस्थांनी वकिलाचं पत्र पाठवलं. तुम्ही तुमच्या बचतीतून त्यांना बारा हजार डॉलर दिलेत आणि भांडं परत केलंत. पुढे ते त्यांनी विकलं म्हणे. कुणाच्या तरी कपाटात ते चमकत असेल. माझ्या हाताने चमकवलेलं.

सचिन माझ्यावर ओरडला. "आई, तुला कुणी सांगितला होता शहाणपणा? आता तिकडे जाऊ नकोस. त्यांनी दिलेत ना पैसे, विषय संपला." माझा विषय संपला नव्हता. मी टूनगॅबीतल्या विद्यार्थ्यांना डबे द्यायला लागले. तुमच्याच पगारातून तुमचं फेडायचं हे मला पटेना. पहिले शंभर डॉलर घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "वेडी आहेस का? उचल ते." मी उचलले नाहीत. दुसऱ्या खेपेला तुम्ही पाकीट माझ्या पिशवीत कोंबलंत, मी ते तुमच्या फ्रिजवर ठेवून आले. तिसऱ्या खेपेला तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत, पाकीट घेतलंत, आणि मोजलंत. माझ्यासमोर. मला इतकं लागलं ते. घरी येऊन सुनेला म्हटलं, बाईंनी मोजून घेतले. ती म्हणाली, "तुम्हाला हेच हवं होतं ना?" मला काय हवं होतं ते मलाच सांगता येईना.

तीन महिने तुम्ही टेबलावर माझ्यासोबत जेवला नाहीत. ताट घेऊन आत जायचात. मी ओट्याशी उभी राहून खायचे. एके दिवशी तुम्हीच ताट घेऊन परत आलात आणि म्हणालात, "आमटीत मीठ कमी आहे." कमी नव्हतं. पण तुम्ही बसलात. त्यानंतर आपण सगळं बोललो. माझ्या गुडघ्याबद्दल, मेधाताईंच्या घटस्फोटाबद्दल, टोमॅटोच्या भावाबद्दल. तुम्ही मला इंग्रजी फॉर्म भरायला शिकवलंत. बँकेत माझ्यासोबत आलात आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणालात की ही माझी मैत्रीण आहे. मला घाम फुटला होता. पण ते शब्द मी जपून ठेवलेत. त्या चार वर्षांत भांड्याचं नाव निघालं नाही. तुमचा लेखही निघाला नाही. मेलबर्नच्या प्रोफेसरांचं नवं पुस्तक पोस्टाने आलं, ते तुम्ही पाकिटातून न काढता वर्तमानपत्रांच्या रद्दीत ठेवलंत. मी ते बघितलं आणि कचऱ्याच्या दिवशी ती रद्दी मीच बाहेर नेऊन ठेवली.

फेब्रुवारीत तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं. तुमचं वजन इतकं उतरलं होतं की पलंग रिकामा वाटायचा. तुम्हाला घरचा वरणभात चालत होता, दोन चमचे. मी भरवत होते. काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाई, ती काजळी एका दिवसाची नव्हती."

तुम्ही घास गिळलात. "काय म्हणालीस?"

"आबा मोडीतली भांडी वितळवायला घ्यायचे. आधी बूड खरवडावं लागतं, नाहीतर रसात घाण येते. ते काम माझं. मी सात वर्षांची असल्यापासून बुडं खरवडली. एकदाच चुलीवर चढलेलं भांडं फडक्याने पुसलं तरी निघतं. रोजच्याला थरावर थर बसतो, तुपातेलाने घट्ट होतो, डांबरासारखा. तुमच्या त्या भांड्याला तसा होता. हिरव्याच्या खाली होता. वर्षानुवर्षं रांधलंय त्यात. मला दीड तास उगाच नाही लागला."

तुम्ही चमचा बाजूला सारलात. वरण गार झालं.

"चार वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"तुम्ही म्हणाला होता, नाव काढायचं नाही."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली. तिने मला बाहेर जायला सांगितलं, तुम्ही माझा पदर सोडेनात. "शी इज माय एक्सपर्ट," तुम्ही तिला म्हणालात. मग ती गेल्यावर तुमचा चेहरा उतरला. "म्हणजे माझंच बरोबर होतं," तुम्ही म्हणालात. "पण आता कुणाला सांगू? तुझ्या खांद्याच्या दुखण्याला कोण पुरावा मानणार?"

मी म्हटलं, "मी सांगीन कोर्टात." तुम्ही म्हणालात, "तू बँकेत बोलत नाहीस." आणि भिंतीकडे तोंड केलंत. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. मधल्या दिवसांत तुम्हाला शुद्ध नव्हती.

तेव्हा तुम्ही कशाने तोंड फिरवलंत, बाई? थकून, की माझा राग आला म्हणून? मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही काहीतरी लिहिलं असतं का? तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं, आणि ऐकण्यात मी इतकी हुशार निघाले की तुमची चार वर्षं गेली. घासण्याचा गुन्हा माझ्याकडून भाबडेपणाने झाला. गप्प बसण्याचा मात्र मी रोज केला, तुमच्यासमोर बसून, तुमच्या ताटात वाढत. आणि खरं सांगू का, त्यात थोडा राग माझाही होता. तुम्ही पाय मागे घेतलेत त्याचा. पैसे मोजलेत त्याचा. मनात म्हणायचे, नाव काढायचं नाही ना, मग राहू दे. तुम्ही मला मैत्रीण म्हणालात तेव्हाही हे माझ्या पोटात होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आता इथे लिहिलं.

काल तुमच्या घरी गेले. मेधाताई घर रिकामं करताहेत. पुस्तकं युनीला चालली आहेत, भांडी कुणाला हवीत ते विचारत होत्या. माझ्याजवळ अकराशे डॉलर होते. तेवढेच द्यायचे राहिले होते. भावाकडे जायच्या तिकिटासाठी साठवलेले होते, ते आणले. सचिन गाडीत म्हणाला होता, "आई, त्या घेणार नाहीत. उगाच त्यांना अवघड करू नकोस." मलाही तसंच वाटत होतं. त्या जवळ घेतील, नको मावशी म्हणतील, आणि मी ते पाकीट घेऊन परत येईन, आणि मग जन्मभर ते माझ्याजवळ राहील.

मी पाकीट ओट्यावर ठेवलं. मेधाताईंचे डोळे सुजलेले होते. त्यांनी हात पुसले.

"मावशी, हे त्या भांड्याचे ना?"

मी मान हलवली.

"मी नकोच म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "पण आईने फोनवर सांगून ठेवलंय. म्हणाली, शालन उरलेले पैसे घेऊन येईल. नो वरीज वगैरे म्हणून तिला परत पाठवायचं नाही. मोजून घ्यायचे, तिच्यासमोर. आय डोन्ट नो व्हाय, मावशी. तिने मला दोनदा बजावलं."

मी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं.

त्यांनी पाकीट उघडलं आणि एकेक नोट ओट्यावर ठेवत मोजायला लागल्या, इंग्रजीत, मोठ्याने. मी मनात मराठीत मोजत होते. दोघींचे आकडे एकदमच संपले.

"इलेव्हन हंड्रेड. दॅट्स ऑल ऑफ इट, मावशी."

बारा हजार पुरे झाले, बाई.